परंड्यास न आलेली गाडी

परंड्याच्या भुईकोटातून मुलुखमैदान तोफ सन १६३२ मध्ये विजापुरास गेली, तेव्हा ती ओढण्यास दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसे लागली असे परंपरा सांगते. आणि अहमदनगरास १५४९ मध्ये ओतलेले ते पंचावन्न टनांचे धूड ज्याने विजापूरच्या बुरुजावर प्रत्यक्ष पाहिले आहे, त्याला या परंपरेत अतिशयोक्ती वाटत नाही. त्यानंतर इतकी अवजड वस्तू आमच्या गावातून बाहेर पडल्याचे ऐकिवात नाही. ज्वारी गेली, तूर गेली, खवा गेला, आणि माणसे तर पुण्यामुंबईस इतकी गेली की सणावारीही घरे पुरती भरत नाहीत. परंतु हे सारे बैलगाडीने, मोटारीने आणि पुढे एस. टी. ने गेले. आगीनगाडी परंड्यास आली नाही. पूर्वेस बार्शी आठनऊ कोसांवर, दक्षिणेस कुर्डूवाडी थोडीबहुत तितकीच दूर, आणि या दोन गावांना जोडणारी अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे आमच्या क्षितिजाच्या खालून, आमच्याकडे ढुंकूनही न पाहता, शंभराहून अधिक वर्षे जात-येत राहिली.

असे असता, ज्या गावाला रूळ कधी लागला नाही त्या गावातल्या एका माडीवर त्या गाडीची प्रतिकृती करण्याचा उद्योग मी गेली सहा वर्षे का करीत आहे, हा प्रश्न मला वेळोवेळी विचारला जातो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी लेथ चालविणारे चाचा, ज्यांनी माझी निम्मी चाके कातून दिली, ते पहिल्याच दिवशी म्हणाले, “गुरुजी, गाडी बार्शीची, रूळ कुर्डूवाडीचे, तुमचं नातं काय मधी?” मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. खरे उत्तर असे की, नाते नव्हते म्हणूनच तिचे आकर्षण राहिले. ज्यांच्या अंगणातून ती रोज जात होती त्यांना तिच्याकडे पाहण्याची गरज पडली नाही. आम्हांस मात्र तिच्याकडे जावे लागे, आणि जाऊन पाहिलेल्या वस्तूची याद अधिक टिकते.

या गाडीच्या जन्माची हकिगत सांगितल्याखेरीज पुढचे सारे निरर्थक होईल. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा मुंबई-सोलापूर रस्ता १८६० च्या सुमारास तयार झाला तेव्हा तो बार्शीला एकवीस मैल उत्तरेस टाकून गेला. बार्शी ही त्या काळी साधी पेठ नव्हती. बालाघाटावरचा, म्हणजे मोगलाईतला, कापूस आणि गळिताचे धान्य घाट उतरून याच पेठेत येई. म्हणून रेल्वेने आपल्या त्या दूरच्या ठेशनाला ‘बार्शी रोड’ असे नाव दिले. ज्या गावाला गाडी जात नाही त्या गावाच्या नावापुढे ‘रोड’ लावून त्याचे समाधान करण्याची ही रेल्वेची जुनी रीत आहे. हेच ठेशन पुढे कुर्डूवाडी झाले. मधल्या एकवीस मैलांत बैलगाड्या चालत, आणि पावसाळ्यात त्या काळ्या रानात रुतत.

जी. आय. पी. मध्ये १८८२ साली इंजिनांचा निरीक्षक म्हणून आलेल्या एव्हरर्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज तरुणाच्या मनात या एकवीस मैलांनी घर केले. १८५७ साली जन्मलेला आणि रॉबर्ट स्टीव्हन्सनच्या कारखान्यात कामाला सुरुवात केलेला हा गृहस्थ १८८७ पासून बार्शीच्या हलक्या रेल्वेची योजना काखोटीस मारून या कचेरीतून त्या कचेरीत हिंडत होता. सरकारी दफ्तराच्या दिरंगाईत ती अडकली, नोकरी सुटली, तो विलायतेस परतला, आणि अखेरीस १८९५ साली लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन होऊन १८९७ साली पहिली गाडी बार्शीत शिरली. दहा वर्षे एका एकवीस मैलांच्या ध्यासात घालविणाऱ्या मनुष्याला आपल्याकडे सामान्यतः वेडा म्हणतात. त्याने मागाहून जे उद्योग केले ते पाहता या शब्दास त्याची स्वतःचीही फारशी हरकत नसावी. अरबी घोडे पाळून त्यांच्या शिक्षणावर त्याने ग्रंथ लिहिला. १९१० साली चार्ल्स रोल्स हा त्याचा मित्र विमान कोसळून त्याच्या डोळ्यांदेखत मृत्यू पावला, तेव्हापासून विमानातून मनुष्य सुखरूप खाली कसा उतरेल या विचाराने त्याला घेरले, आणि त्यातून ‘गार्डियन एंजल’ नावाची हवाई छत्री निर्माण झाली, जी पहिल्या महायुद्धात प्रत्यक्ष वापरली गेली. १९२७ साली तो वारला. बार्शी लाइटचा पल्ला मिरजेपर्यंत पोहोचला तेही वर्ष तेच.

घोडा, छत्री आणि आगीनगाडी यांत संगती काय असा प्रश्न पडेल. मला ती वजनात दिसते. कोणते ओझे, कोणत्या आधारावर, किती विभागून ठेवले असता तो आधार मोडत नाही, हा एकच प्रश्न या मनुष्याने आयुष्यभर निरनिराळ्या वेषांत सोडविला. बार्शीच्या गाडीबाबत त्याचे उत्तर एका आकड्यात सामावले होते: पाच टन. इंजिन असो, उतारूंचा डबा असो की कापसाच्या गाठींनी भरलेली वाघीण असो, कोणत्याही एका आसाखाली पाच टनांहून अधिक भार येता कामा नये. हा नियम एकदा पाळला की रूळ हलका चालतो. वाराला तीस पौंडांचा रूळ त्याला पुरला. रूळ हलका म्हणजे पूल हलका, भराव कमी, आणि कंपनीचे भांडवल कमी. परंतु इंजिनात जोर तर हवा. म्हणून लीड्सच्या किट्सन कंपनीकडून त्याने जी पहिली पाच इंजिने करवून घेतली त्यांना आठ चाके एकमेकांस जोडलेली आणि मागे आणखी चार, अशी बारा चाके होती. भार बारा पायांवर वाटला गेला. पालखी जड असली तर भोई वाढवावेत, रस्ता फरसबंद करीत बसू नये, हे आपल्याकडच्या कोणाही खेडुताला कळणारे तत्त्व. ते लोखंडात उतरविण्यास मात्र कॅलथ्रॉप लागला.

आणि त्याने ते आधी करून दाखविले. सगळे सामान हिंदुस्थानात धाडण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले येथे अडीच फुटी रूळ मांडून त्याने इंजिन आणि डबे लोकांसमोर चालविले. पोलादी पत्रा दाबून केलेले एकाच मापाचे सांगाडे, पंचवीस फूट लांब आणि सात फूट रुंद, आणि त्यांवर हरतऱ्हेच्या मालवाघिणी. सांगाडा हलका म्हणून माल अधिक. गेजच्या मानाने गाडी इतकी रुंद की पाहणाऱ्यास ती कलंडेल असे वाटावे. अडीच फुटांच्या रुळांवर सात फुटांची वाघीण म्हणजे जवळजवळ तिप्पट! आपल्या साडेपाच फुटी मोठ्या रुळांवरची गाडी सहसा रुळांच्या दुप्पटही रुंद नसते. या एका गुणोत्तरात त्या गाडीचे सारे धाडस आहे. आणि ते मला पुस्तकातून नव्हे, माझ्या माडीवरच्या फळीवर प्रथम उमजले.

प्रतिकृतीच्या शास्त्रात प्रमाण ही पहिली शपथ असते. मी एकास सत्त्याऐंशी हे प्रमाण घेतले, कारण जगभर ते सर्वाधिक चालते आणि पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी जे लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ साली लोकांना खुले केले तेथल्या गाड्याही मी याच प्रमाणात पाहिल्या होत्या. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्यास ८७ ने भागले की ८.७६ येतात. बाजारात नऊ मिलिमीटरचे रूळ मिळतात. पाव मिलिमीटरची ही तफावत पाहून मी निश्चिंत झालो आणि तेथेच फसलो. डब्यांचे नकाशे मी ज्या पटावरून उतरवून घेतले होते तो एकास शहात्तर प्रमाणाचा होता, हे चार वाघिणी तयार होऊन रुळांवर चढविल्यावर ध्यानात आले. त्या इतक्या बेढब दिसत की कॅलथ्रॉपच्या धाडसाला मी स्वतःच भ्यालो. दोन महिन्यांचे काम मोडले. नव्याने मोजले तेव्हा वाघिणीची लांबी ८७.६ मिलिमीटर आली, म्हणजे गेजच्या बरोब्बर दहापट, आणि रुंदी साडेचोवीस. पंचवीस फूट आणि अडीच फूट! इतके उघड गुणोत्तर मला पट्टी हातात धरल्यावाचून दिसले नव्हते.

ज्याला हा नाद करावयाचा आहे त्याने एक गोष्ट जाणून घ्यावी: परदेशात या हौशीची दुकाने आहेत, आपल्याकडे बोहारीण आणि भंगारवाला आहेत. वाघिणीचे पत्रे मी तेलाच्या डब्यांचे कापले. स्लीपर काड्यापेटीतल्या काड्यांचे आहेत, गूळ उकळल्यासारख्या रंगात बुडविलेले. खडी सीना नदीच्या वाळूची, तीनदा चाळून घेतलेली. बाभळी उभ्या करण्यास वाळलेल्या तरवडाची डहाळी चांगली चालते. सर्वांत छळले ते काळ्या मातीने. आपली खरी काळी माती डिंकात कालवून फळीवर पसरली की ती रात्रीतून सुकते आणि शेतात भेगाळते तशीच भेगाळते. पण या भेगा प्रमाणात नसतात, त्यांत माझा अख्खा गँगमन कंबरेपर्यंत गेला. अखेर भुस्सा आणि रंग यांवर भागवावे लागले. आमच्याकडे गणपतीपुढे देखावे करणारे कारागीर ही युक्ती फार वर्षांपासून जाणतात. मी त्यांना उशिरा विचारले.

कुर्डूवाडीच्या देखाव्यात एक गंमत घडली. तेथे मोठी लाइन आणि छोटी लाइन शेजारी शेजारी मांडावयाची होती. मोठ्या रुळांमधील अंतर, साडेपाच फूट, माझ्या प्रमाणात सव्वाएकोणीस मिलिमीटर होते. आणि फलाटावर उभा करण्यासाठी मी कोरलेला उतारू, साडेपाच फूट उंचीचा, तोही सव्वाएकोणीस मिलिमीटरच. म्हणजे मोठ्या रुळांत मनुष्य आडवा निजला तर डोके एका रुळाला आणि टाचा दुसऱ्याला लागतील. धाकट्या रुळांत त्याचा पाय कंबरेपर्यंतच मावेल. मोठी लाइन माणसाच्या देहाएवढी आणि छोटी त्याच्या एका ढांगेएवढी, हे मी शाळेत पस्तीस वर्षे भूगोल शिकवूनही मुलांस कधी सांगू शकलो नसतो.

ती ढांग मी लहानपणी स्वतः टाकली आहे. मी नऊदहा वर्षांचा असेन. १ जानेवारी १९५४ रोजी कंपनीची गाडी सरकारजमा होऊन मध्य रेल्वेत सामील झाली त्याला काही वर्षे लोटली होती. आजी आषाढीस पंढरपूरला निघाली आणि मला तिच्या गाठोड्याचा रखवालदार म्हणून बरोबर घेतले. कुर्डूवाडीस एका अंगाला मद्रासकडे जाणारी मोठी गाडी उभी होती; तिचे पावठे माझ्या छातीला लागत होते. दुसऱ्या अंगाला आमची गाडी. आजीने दोन्हींकडे पाहिले, गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “ती मोठ्यांची हाय. माझ्या पायाला हीच बरी.” डब्यात समोरासमोरच्या बाकांवरील माणसांचे गुडघे एकमेकांत अडकत, टपावर वारकरी, त्यांच्या पताका खिडकीतून खाली लोंबत. पंढरपूर येईपर्यंत सगळा डबा एकमेकांस ‘माउली’ म्हणून सरकावयास सांगत होता आणि कोणीही सरकत नव्हते, कारण सरकावयास जागा नव्हती. इंजिनाचे किंवा शिटीचे म्हणाल तर मला काही आठवत नाही. गुडघे तेवढे आठवतात.

माझ्या आजोबांची पिढी या गाडीस वेगळ्या डोळ्यांनी पाही. परंडा निजामाच्या अमलात, बार्शी इंग्रजांच्या. म्हणजे आम्ही मोगलाईतले आणि गाडी परमुलुखातली. सप्टेंबर १९४८ पर्यंत ही सरहद्द खरीखुरी होती. माल न्यावयाचा तर करोडगिरीच्या नाक्यावर जकात, आणि खिशातला हाली रुपया बार्शीच्या खिडकीवर तिकिटास चालत नाही म्हणून वटाव देऊन कलदार घेणे आले. पुढे गाडी खुद्द मोगलाईत शिरली: बार्शीहून पांगरीपाशी बालाघाटाच्या पायथ्याला जाऊन, रामलिंगच्या झाडीतून येडशीवर चढून, तडवळे, ढोकी, मुरूड करीत ती १९११ साली लातुरास पोहोचली, आणि लातूरची पेठ त्यानंतर कशी फोफावली हे मराठवाड्यास सांगावयास नको. दुसऱ्या अंगाने ती पंढरपुरावरून १९२७ साली मिरजेस गेली. एकूण लांबी सुमारे सव्वातीनशे किलोमीटर झाली. लातूरच्या वाटेवरच्या कसबे तडवळे या गावी फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदारांची परिषद भरली. माझ्या फळीवर तडवळ्याजवळचे कळंब रोड स्थानक जेव्हा होईल तेव्हा तेथे वाघिणींपेक्षा माणसे अधिक असतील.

हा सव्वातीनशे किलोमीटरांचा पल्ला माझ्या प्रमाणात पुरता मांडावयाचा तर पावणेचार किलोमीटर फळी लागेल. केवळ कुर्डूवाडी ते बार्शी म्हटले तरी जवळपास चारशे मीटर. माझी माडी अठरा फुटांची आहे. तेव्हा प्रतिकृती करणाऱ्याला निवड करावीच लागते, आणि स्मरण करणाऱ्यालाही. फरक इतकाच की पहिल्याला आपण काय वगळले ते माहीत असते.

दुसऱ्याला ते माहीत नसते, याचा प्रत्यय मला जुन्या उतारूंशी बोलताना वारंवार आला. दहांपैकी आठ जण मला एकच किस्सा सांगत: घाटात गाडी इतकी हळू चाले की माणूस उतरून, लघुशंका करून, धावत येऊन पुन्हा चढे. सांगणारा प्रत्येक वेळी शपथेवर सांगतो, आणि ते त्याच्या चुलत्याने किंवा मेहुण्याने केलेले असते. हाच किस्सा मी मूर्तिजापूर-यवतमाळच्या शकुंतलेविषयी ऐकला आहे, पाचोरा-जामनेरच्या गाडीविषयी ऐकला आहे. त्यावर माझा विश्वास नाही, किंवा असे म्हणू की तो किस्सा गाडीचा नसून तो सांगणाऱ्या पिढीचा आहे. मंदगती किंवा कमकुवत माणसाला ‘बार्शी लाइट’ म्हणण्याची जी खोड भाषेला लागली तिचे मूळही तेथेच. वास्तविक ‘लाइट’ हे विशेषण आसावरच्या भाराचे होते, गाडीच्या लायकीचे नव्हते. पाच टनांच्या त्या शिस्तबद्ध हिशेबाचे शेवटी एका टवाळीत रूपांतर व्हावे, याचे मला वाईट वाटते.

कुर्डूवाडीच्या कारखान्यात फिटर म्हणून सारी नोकरी केलेले एक वृद्ध गृहस्थ, ज्यांना त्या भागात सगळे आण्णा म्हणतात, माझा देखावा पाहण्यास एकदा मुद्दाम आले. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी किस्सा सांगितला नाही. जिना चढून आले, चष्मा पुसला, गाडी चालवा म्हणाले, आणि ती तीन फेऱ्या करीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, “गुरुजी, तुमची गाडी लई सरळ चालती. आमची झोके घ्यायची.” आणि त्यांनी तळहात उताणा धरून, मनगटापासून, डावीकडे जरा अधिक आणि उजवीकडे जरा कमी, असा तो हलवून दाखविला. मी विचारले, डावीकडे अधिक का? “बाकं घासली होती डावीकडची. मानसं सावलीच्या अंगाला बसायची.” त्यांनी स्वतः माझ्या डब्यांच्या बोगीचे मधले स्क्रू पाव पाव फेरा सैल केले. त्या दिवसापासून माझी गाडी झोके घेते. डावीकडे जरा अधिक.

आता तिच्या अंताविषयी. ती मोडली नाही, उखडून टाकून विसरली गेली नाही. ती रुंद झाली. कुर्डूवाडीस प्रत्येक पोते छोट्या वाघिणीतून उतरवून मोठीत चढवावे लागे, आणि या हमालीच्या खर्चाने हलक्या रुळांनी वाचविलेला पैसा हळूहळू खाऊन टाकला. शेजारून डांबरी सडक झाली आणि ट्रक दारातून दारात माल नेऊ लागला. तेव्हा रुंदीकरणास पर्याय नव्हता, हे मी हौशी असलो तरी मान्य करतो. टप्प्याटप्प्याने काम झाले. सप्टेंबर २००७ मध्ये लातूर ते उस्मानाबाद आणि ऑक्टोबर २००८ मध्ये तेथून कुर्डूवाडीपर्यंत मोठी गाडी सुरू झाली. जुनी गाडी जिल्ह्याच्या गावाला टाळून येडशीवरून जात असे. नव्या मार्गाला वळण देऊन ते गाव, आजचे धाराशिव, रेल्वेवर आणले गेले. आज लातूरचा मनुष्य रात्री गाडीत बसतो आणि सकाळी मुंबईत उतरतो. याबद्दल हळहळणे हा कृतघ्नपणा होईल.

परंतु यातून एक चमत्कारिक स्थिती उद्भवली. कॅलथ्रॉपनेच इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये बार्शीच्या धर्तीवर मॅनिफोल्ड खोऱ्याची रेल्वे बांधली, १९०४ साली. तेच अडीच फूट, किट्सनचीच इंजिने, कपाळी तोच वसाहती घाटाचा मोठा दिवा, आणि डबे पिवळे. ती तीस वर्षांत, १९३४ साली, बंद पडली. तिच्या जागी आज पायवाट आहे. लोक मुलाबाळांसह तीवरून चालत जातात, आणि तिच्या प्रतिकृती करणाऱ्यांची तर तेथे गणतीच नाही. जी रेल्वे मेली तिचा मार्ग शाबूत राहिला. आमची जिवंत राहिली, आणि तिच्याच वाटेवरचा बराचसा भराव, रूळ, फलाट मोठ्या गाडीच्या पोटात गेले. भग्नावशेष पाहून हळहळावे असे येथे फारसे उरले नाही. माथेरानची गाडी डोंगरावर आहे म्हणून लोक ती जपतात. सपाट काळ्या रानातून ज्वारी वाहणाऱ्या गाडीला पर्यटक मिळत नाहीत.

मागील दिवाळीत माझ्या नातवाने देखाव्याकडे पाहून रास्त शंका काढली: “आबा, परंडा कुठंय?” मी म्हणालो, गाडी परंड्याला जात नव्हती. “पण तुमची आहे ना? तुम्ही न्या की.” मी आठ दिवस या मोहाशी झुंजलो. कुर्डूवाडी-बार्शी वाटेवरच्या शेंद्रीजवळून एक सांधा काढून चार हात रूळ टाकले असते तर किल्ल्याच्या खंदकापर्यंत पोहोचलो असतो. किल्ल्याची तटबंदी मी पुठ्ठ्याची करूनही ठेवली होती. मुलुखमैदान तोफ वाघिणीवर चढवून विजापुरास रवाना करण्याचा बेतही झाला. मग सवयीने हिशेब केला. चार आसांची वाघीण, दर आसास पाच टन, म्हणजे वाघिणीच्या स्वतःच्या वजनासकट वीस टनांची मर्यादा. पंचावन्न टनांच्या तोफेस नुसते अकरा आस लागतील, आणि ते ज्या सांगाड्याला जोडावयाचे त्याचे वजन निराळे. बार्शी लाइटने ती तोफ उचललीच नसती. परंड्याहून तिला नेण्यास बैल आणि हत्तीच हवे होते, आणि ते तिला मिळाले. सांधा टाकला नाही. किल्ला मात्र फळीच्या कडेला, रुळांपासून दूर, मांडून ठेवला आहे. नातवाने त्याच्या दारात एक एस. टी. उभी केली आहे.

आता कुर्डूवाडी, शेंद्री आणि बार्शी झाली. पांगरीचा घाट निम्मा झाला. पुढे अडले आहे ते मापांवाचून. पांगरी, येडशी, कळंब रोड, ढोकी, मुरूड या जुन्या स्थानकांच्या इमारतींची उंची, पायऱ्यांची संख्या, तिकिटाच्या खिडकीची रुंदी मला हवी आहे. वाचकांपैकी कोणाच्या घरी लग्नाच्या वऱ्हाडाचे, वारीचे किंवा बदलीच्या निरोपाचे, अशा एखाद्या स्थानकापुढे काढलेले छायाचित्र असेल तर त्याची प्रत या अंकाच्या संपादकांकडे पाठवावी. मूळ पाठवू नये. आणि छायाचित्रात इमारतीला टेकून जो कोणी उभा असेल, त्याची उंची ठाऊक असल्यास ती मागे फूट-इंचांत लिहावी. बाकीचे माप मी तीवरून काढून घेईन.